वाऱ्याची बाजू, आडोशाची बाजू: कडाक्याच्या थंडीत आपल्याच डोंगरावर स्की करताना

आमच्या डोंगरावरच्या चेअरलिफ्टला एकवीस खांब आहेत. दहाव्या खांबापर्यंत दोन्ही बाजूंना दाट सूचिपर्णी झाडी आहे. अकराव्याशी झाडं संपतात. तिथे आलं की चेअरवर बसलेला प्रत्येक माणूस मान खाली घालतो, हनुवटी कॉलरमध्ये खुपसतो आणि डावा खांदा वर उचलतो, कारण वारा तिथे बहुतेक वेळा डावीकडूनच येतो. खाली रांगेत उभं राहून बघितलं की कठपुतळ्यांचा दोरा ओढावा तशा एकामागून एक माना खाली जाताना दिसतात. नवखा माणूस लगेच ओळखू येतो: त्याची मान बाराव्या खांबाला खाली जाते.

मी चौतिसाव्या वर्षी स्की करायला शिकले. त्याला आता चौदा हिवाळे झाले आणि त्यातले बहुतेक सगळे दिवस ह्या एकाच डोंगरावर गेले. डोंगर तसा बुटका, पायथा ते माथा साडेपाचशे मीटर. निळंशार आकाश आणि गुडघाभर मऊ बर्फ असले दिवस इथे बोटांवर मोजावेत. बाकी सगळं उणे पंधरा, उणे वीस, वारा, धुकं आणि काचेसारखा टणक उतार. सुट्टी काढून लांबच्या मोठ्या डोंगरावर गेलेला माणूस असं हवामान बघून खोलीत बसून राहिला तरी चालतं. आपल्या डोंगराचं तसं नसतं, शनिवार आला की पाय तिकडे वळतातच. मग जायचंच आहे तर नीट कसं जायचं, एवढंच इथे लिहिते आहे. मध्यम उतारावर समांतर वळणं घेता येतात आणि हवं तिथे थांबता येतं, असं धरून चालले आहे. अगदी पहिल्यांदा स्की बांधणार असाल तर असा दिवस निवडू नका. कुडकुडणारा माणूस काही शिकत नाही.

आधी वारा, मग तापमान

सकाळी उठून लोक तापमान बघतात. मी वाऱ्याचा वेग आणि दिशा बघते, तापमान सगळ्यात शेवटी. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून विंड चिलचं, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं, जे सूत्र वापरतात, त्यात उणे १५ अंशांना ताशी १० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २१ सारखं लागतं. तोच वारा ५० चा झाला की उणे २९. आणि उणे २८ च्या खाली उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, असं कॅनडाच्या हवामान खात्याचा तक्ता सांगतो. थर्मामीटरवर दोन्ही दिवशी उणे पंधराच. पण एका दिवशी मजेत स्की होते आणि दुसऱ्या दिवशी गाल पणाला लागतात. त्यात आपण स्वतः ताशी चाळीसने खाली येतो, तेव्हा हवा अगदी स्थिर असली तरी चेहऱ्याला चाळीसचा वारा लागतोच.

उंचीचा हिशोब सोपा आहे. सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. म्हणजे आमच्या माथ्यावर पायथ्यापेक्षा साडेतीन अंश जास्त थंडी. मात्र निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतर उलटा प्रकार होतो. जड थंड हवा दरीत साचते आणि पायथ्याशी बोटं वाकत नसताना माथ्यावर चक्क बरं वाटतं. अशा दिवशी पायथ्याशी घुटमळू नका, सरळ वर जा.

पण दिशेइतकं काहीच उपयोगाचं नाही. माझ्याकडे एक छोटी वही आहे, पहिल्या हिवाळ्यापासूनची. त्यात फक्त तीन गोष्टी लिहिते: वारा कुठून होता, कुठल्या उतारावर बरं वाटलं, कुठे हाल झाले. चौथ्या हिवाळ्यापर्यंत नकाशाच तयार झाला. वायव्येचा वारा असेल तर डावीकडची रुंद धाव, म्हणजे स्कीसाठी आखलेली उताराची वाट, मी बघतही नाही. तिथला मऊ बर्फ वाऱ्याने खरवडून नेलेला असतो आणि खाली नुसती काच उरते. तोच बर्फ कड्यापलीकडे, आडोशाच्या बाजूला जाऊन साचतो. वादळानंतर दोन दिवसांनी सगळे ‘बर्फच नाही’ म्हणून कुरकुरत असतात, तेव्हा उजवीकडच्या अरुंद धावेत, झाडांच्या भिंतीमागे, घोट्यापर्यंत मऊ भुसा मिळतो. मोठ्या, परक्या डोंगरावर हे कळायला आठवडा जातो. आपल्या डोंगराचा हाच तर फायदा.

वही नसेल तर झाडं वाचा. धुक्यातले अतिथंड थेंब फांदीला, खांबाला लागताक्षणी गोठतात आणि हा पांढरा खरबरीत थर वारा येतो त्या दिशेने वाढत जातो. बर्फाची पिसं जिकडे तोंड करून असतील, तिकडून वारा आला होता. आडोसा त्याच्या उलट बाजूला.

आणि हेही जमलं नाही तर दाढ्या बघा. हे मला लिफ्टवर काम करणाऱ्या एका आजोबांनी शिकवलं. मी विचारलं, “आजोबा, वर कसं आहे?” ते म्हणाले, “मला काय विचारतेस? मी सकाळपासून इथेच उभा आहे. खाली येणाऱ्यांच्या दाढ्या बघ.” तेव्हापासून बघते. दाढी नुसती ओली असेल तर खुशाल जावं. पांढरी झाली असेल तर मधल्या स्टेशनपर्यंतच. आणि दाढीवाला थांबून कुणाशी न बोलता सरळ आत जात असेल, तर आपणही जरा आत बसावं.

एक धोक्याची सूचना इथेच देते. आडोशाला वाऱ्याने रचलेला बर्फ दिसायला मऊ असतो, पण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर नेमका तोच थर सुटून हिमस्खलन होतं. हद्दीच्या दोरीच्या आतल्या धावांची काळजी पॅट्रोलचे, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाचे, लोक घेतात. दोरीच्या पलीकडे कुणी घेत नाही. दोरी लावलेली असली की ती ओलांडायची नाही, पलीकडे कितीही सुंदर दिसत असलं तरी.

कपडे थोडक्यात, बूट सविस्तर

कपड्यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये उबेचा, बाहेर वारा अडवणारा. सुती काहीही नको, अगदी आतला बनियनसुद्धा. घाम धरून ठेवतो आणि लिफ्टवर बसलं की तोच घाम गारठवतो. पायथ्याशी उभं असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तिथेच छान ऊब वाटत असेल तर दुसऱ्या फेरीत घाम येणार. बस.

बुटांवर मात्र दिवस ठरतो. थंडीने लवकर घरी परतलेल्या माणसांना विचारा, दहातले आठ ‘पाय’ म्हणतील.

पहिली गोष्ट, बूट रात्री गाडीत ठेवायचे नाहीत. थंडीत प्लास्टिक लाकडासारखं होतं, मग पाय आत जात नाही. ओढाताण करून घातलाच, तर गार अस्तर पायाची ऊब शोषून घेतं आणि ती दिवसभर भरून येत नाही. बूट रात्री घरात, उबदार खोलीत. गाडीत नेतानाही पायाशी, हीटरच्या झोताजवळ, डिकीत नाही.

दुसरी, मोजे. मी तिसऱ्या हिवाळ्यात शहाणपणा केला होता. उणे बावीस होतं, म्हणून मोज्यांवर मोजे चढवले. पहिल्या फेरीला पाय गच्च आणि उबदार वाटले. तिसऱ्या फेरीला डाव्या पायाची करंगळी दुखायची थांबली. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली. आत जाऊन बूट काढला तर करंगळी मेणासारखी पांढरी. ऊब परत यायला लागली तेव्हा दारात बोट चेमटावं तशी ठणकली. आज अकरा हिवाळ्यांनंतरही सगळ्यात आधी तीच करंगळी बधिर होते. दोन मोज्यांनी बूट घट्ट होतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि ऊब तर रक्तच आणतं. एकच पातळ, लांब, स्की करायचा मोजा घ्या. तोही बूट घालताना कोरडा हवा, म्हणून गाडी चालवताना दुसरे मोजे आणि हा खिशात.

आता बूट बांधण्याची पद्धत. बूट घालून टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे पाय मागे बसतो. मग नडगी पुढे दाबून आधी वरचे दोन बकल लावा. त्याने टाच तिच्या खोबणीत जाऊन बसते. मग वरचा रुंद पट्टा. पावलावरचे खालचे दोन बकल सगळ्यात शेवटी आणि अगदी हलके, नुसते अडकवल्यासारखे. त्यांचं काम फक्त झाकण धरून ठेवायचं. पुष्कळ लोक घसरायच्या भीतीने हेच आवळतात आणि पावलावरची रक्तवाहिनी दाबून टाकतात. आत बोटं हलली पाहिजेत. पँटचा आतला थर, मोज्याची घडी, काहीही नडगी आणि बुटाच्या जिभेमध्ये येता कामा नये, मोजा सोडून. एक फेरी मारा, अस्तर गरम होऊन दबेल, मग वरचे बकल एक दात घट्ट करा. उणे वीसच्या दिवशी मी ते एक दात सैलच ठेवते, कारण प्लास्टिक आधीच इतकं कडक असतं की घोटा वाकत नाही. लिफ्टवर बसायच्या आधी सगळे बकल उघडायचे आणि वर उतरल्यावर लावायचे. कंटाळवाणं आहे, पण मी दर फेरीला करते.

उबेच्या पुड्या वापरत असाल तर एक लक्षात घ्या. त्यात लोखंडाची पूड असते, ती हवेशी संयोग पावून तापते. बंद बुटात हवा जवळपास नसतेच, म्हणून हाताची पुडी बुटात टाकून उपयोग नाही. पायाची वेगळी मिळते, कमी हवेत चालणारी, पण तिनेही बूट घट्ट होत असेल तर काढून टाका.

हातांना पाच बोटांच्या ग्लव्हपेक्षा मिटन, म्हणजे चार बोटं एकाच कप्प्यात राहणारे हातमोजे, चांगले. बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. आत एक पातळ ग्लव्ह घाला म्हणजे बकल लावताना हात उघडा पडत नाही. मिटनला मनगटाचा पट्टा हवाच. लिफ्टवरून पडलेला मिटन मी एकदा वरून बघत गेले आहे, तो दिवस तिथेच संपला. बोटं बधिर व्हायला लागली तर हात खांद्यापासून जोरात गोल फिरवा, वीस-तीस वेळा. रक्त टोकापर्यंत जातं, एक मिनिटात झिणझिण्या येतात. लोक बघतात, बघू देत. फोन आतल्या खिशात, अंगालगत. बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी मान टाकते आणि नेमका गरज लागते तेव्हा फोन बंद.

चेहरा दुसऱ्याने बघायचा

स्वतःचा गोठलेला गाल स्वतःला कळत नाही. आधी टोचतं, जळजळतं, आणि मग एकदम काही वाटेनासं होतं. म्हणून आमच्या घरात नियम आहे: लिफ्टवर अकराव्या खांबाच्या आधी एकमेकांकडे तोंड करायचं आणि नीट बघायचं. गेल्या हिवाळ्यात माझी बारा वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, तुझ्या गालावर पैशाएवढा पांढरा ठिपका आलाय.” मी म्हटलं, “बर्फ उडाला असेल.” तिने मिटन काढून बोट लावलं. “आई, पुसला जात नाहीये.”

हेल्मेटचा पट्टा आणि गॉगल यांच्यामध्ये बोटभर फट राहिली होती, तेवढीच. तिने तिचा उबदार तळवा माझ्या गालावर ठेवला आणि वर पोचेपर्यंत काढला नाही. रंग परत आला, पण आम्ही माथ्यावरून थेट खाली येऊन अर्धा तास आत बसलो. उपाय एवढाच: उबदार कोरडी त्वचा नुसती टेकवून ठेवायची. चोळायचं नाही. बर्फाने तर अजिबात नाही, ती जुनी समजूत घातक आहे. ठिपका पांढराच राहिला, कडक लागला किंवा फोड आला, तर पॅट्रोलकडे आणि तिथून डॉक्टरांकडे. खरा हिमदंश ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात उबवतात, तोही पुन्हा गोठायची शक्यता नसेल तेव्हाच, त्यामुळे डोंगरावर स्वतः प्रयोग करू नका.

गॉगलचं दुखणं वेगळं. तो धुकटतो. बहुतेक वेळा दोष आपलाच असतो, तोंडावरचा कपडा गॉगलच्या आत खोचला की श्वास सरळ वर काचेवर जातो. कपड्याची वरची कड गॉगलच्या बाहेर, खाली ठेवा आणि चढावर ढकलताना तोंडाने खाली फुंकत श्वास सोडा. थांबल्यावर गॉगल कपाळावर चढवायची सवय मोडा. घामाची वाफ आत जाते आणि उतरवला की गोठते. आतली काच पुसायची नाही, तिच्यावरचा धुकं न धरणारा लेप ओलसर असताना खरवडून निघतो. बर्फ आत गेलाच तर झटकून टाका आणि आत जाऊन वाळू द्या. मी दुसरा गॉगल जॅकेटच्या आत बाळगते. काच फिकट पिवळी किंवा गुलाबी घ्या, एस१ वर्गातली. ती ४३ ते ८० टक्के प्रकाश आत येऊ देते. उन्हासाठीची गडद काच ढगाळ दिवशी घालणं म्हणजे डोळे मिटून उतरणं.

काच आणि वाळू

थंड डोंगरावर पायाखाली दोन प्रकार येतात, आणि गंमत म्हणजे एकाच धावेत दोन्ही येतात.

पहिला प्रकार टणक, निळसर चकाकणारा उतार. इथे सगळा भरवसा स्कीच्या पोलादी कडांवर. पूर्वी त्या नव्हत्याच, नुसतं लाकूड असायचं. १९२६ साली साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेट्नर यांनी पोलादी पट्ट्यांचं पेटंट घेतलं, तेव्हापासून टणक बर्फावर माणूस धडपणे वळायला लागला. पण कड बोथट असेल तर ती असून नसल्यासारखी. नखाची कसोटी करा: नखाचा पृष्ठभाग कडेवरून आडवा हलका ओढा, बारीक पांढरा कीस निघाला तर धार आहे. नुसतं घसरलं तर नाही. दर दोन-तीन दिवसांनी मी डायमंडच्या पट्टीने कडेवरचे खडबडीत कंगोरे काढते, पाच मिनिटांचं काम. कोन बदलणं, खोल धार लावणं, बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरणाऱ्या पकडीचा, आकडा बदलणं ही कामं मात्र जाणकाराकडून. बाइंडिंगचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची स्की करायची पद्धत यांवरून ठरतो. मित्र म्हणाला म्हणून तो फिरवायचा नसतो.

आता त्या काचेवर उतरायचं कसं? घाबरल्यावर शरीर मागे, डोंगराकडे झुकतं. तिथेच घात होतो. डोंगराकडे झुकलं की भार आतल्या स्कीवर जातो आणि बाहेरची, जिने पकड धरायची, ती सटकते. भार बाहेरच्या म्हणजे दरीकडच्या स्कीवर ठेवा. मी मनात म्हणते, दरीकडच्या हातातल्या पोलचं, म्हणजे काठीचं, टोक बर्फाला टेकलेलं राहू दे. ते टेकलेलं असलं की वरचं अंग आपोआप बाहेर कलतं. कड एकदम खच्चून दाबू नका. दार हळू लोटावं तशी हळूहळू कलवा. आणि थोडं घसरणार हे गृहीत धरा. पूर्ण काचेच्या दहा-पंधरा मीटरच्या तुकड्यावर वळायचा हट्टच करू नका. स्की समांतर ठेवून, गुडघे सैल ठेवून आडवं घसरत जा आणि पुढे मऊ पट्टा आला की तिथे वळा. कडेला, झाडांच्या बाजूने, दिवसभर इतरांनी उडवलेला बर्फ साचतो. मी दुपारनंतर धावेच्या मध्यावर जातच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे वाळू. स्की घसरते ती घर्षणाने तळाशी पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा तयार होतो म्हणून. उणे वीसला तो नीट होत नाही आणि बर्फाचे कण टोकदार, कडक असतात. बूट टाकला की कर्र कर्र वाजतं, त्यावरून ओळखा. स्की अडखळते, सपाट भागावर थांबतेच. स्कीच्या तळाला थंडीसाठीचं कडक वॅक्स, म्हणजे मेण, लावलं तर फरक पडतो; उबदार दिवसाचं मऊ वॅक्स राहिलं असेल तर कण त्यात रुततात आणि आणखी अडतं.

खरा धोका आहे तो काचेवरून वाळूवर जाताना. वाऱ्याने वाहून आणलेल्या कोरड्या बर्फाचे पांढरे पट्टे टणक उतारावर आडवे पसरलेले असतात. निळ्यावरून भरधाव येऊन पांढऱ्यात शिरलं की स्की एकदम धरल्यासारखी होते आणि वरचं अंग पुढे फेकलं जातं. असा पट्टा दिसला की शिरायच्या आधीच एक पाय किंचित पुढे सरकवा, घोटे घट्ट करा, भार दोन्ही पायांवर घ्या. निळा तुकडा आला की पुन्हा बाहेरच्या पायावर. दोन-तीन फेऱ्यांत पायांना लय सापडते.

काहीच दिसत नसेल तेव्हा

ढग उतरला की सावल्या नाहीशा होतात. उंचवटा, खड्डा, उतार, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. पुष्कळांना पोटात ढवळतं, आपण थांबलोय की चालतोय हेही कळत नाही. एकदा मी पूर्ण थांबलेली असताना आडवी पडले आहे, मला वाटत होतं मी अजून उतरतेय.

अशा वेळी झाडीतल्या धावा घ्या. झाडांचा गडद रंग डोळ्याला धरायला काहीतरी देतो. झाडी नसेल तर धावेच्या कडेचे खांब. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंतच जायचं, वेग चालण्याइतका. नजर पायाशी नको, पुढच्या खांबावर. बर्फ कसा आहे ते तळव्यांना कळू द्या, गुडघे सैल. ढवळलं तर थांबा, पोल बर्फात रोवा आणि पोलकडे बघत राहा. धावेच्या मधोमध किंवा उंचवट्याखाली थांबू नका, वरच्याला तुम्ही दिसत नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ साली केलेल्या नियमांत वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं असं आहेच, पण ज्याला आपण दिसतच नाही तो काय सांभाळणार?

झाडीतल्या धावा म्हणजे धावेच्या दोन्ही कडांना झाडं. झाडांच्या आत शिरणं वेगळं. ताजा बर्फ खोल असताना खालच्या फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो, त्यात डोकं खाली होऊन पडलं तर एकट्याला निघता येत नाही. एकटं कधीच नाही.

लिफ्ट

पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेतल्या सन व्हॅलीला सुरू झाली. ती आखणाऱ्या जिम करन नावाच्या इंजिनिअरला कल्पना सुचली ती जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. जोराच्या वाऱ्यात लोंबकळताना मला हे नेहमी आठवतं. आपण अजून घडच आहोत.

थंडी खरी लिफ्टवर लागते. उतरताना अंग चालत असतं, वर जाताना नुसतं बसायचं असतं. म्हणून बसायच्या आधी सगळ्या झिपा बंद, मिटन चढवलेले, कपडा नाकापर्यंत. आडवा दांडा खाली घ्या. बोटं बुटात सतत हलवत राहा. वारा वाढला की उंच लिफ्ट आधी बंद होतात, जमिनीलगत ओढून नेणारी टी-बार बऱ्याचदा चालू राहते. लोकांना ती आवडत नाही, मला अशा दिवशी फार आवडते. पाय चालू राहतात आणि वाराही कमी.

एकदा तेराव्या आणि चौदाव्या खांबाच्या मध्ये लिफ्ट पंचवीस मिनिटं थांबली होती. मी आणि एक अनोळखी बाई. पहिली पाच मिनिटं आम्ही शिष्टाचाराने अंतर ठेवून बसलो. मग तिने काही न बोलता सरकून माझ्या खांद्याला खांदा भिडवला, मी वाऱ्याच्या बाजूला होते म्हणून दर थोड्या वेळाने जागा बदलल्यासारखं कलत राहिलो, आणि दोघींनी पाय हलवत मोठमोठ्याने पाढे म्हटले. तिच्या भाषेतला पाढा वेगळा, माझा वेगळा. थांबलेल्या चेअरवरून उडी मात्र मारायची नाही, खाली बर्फ कितीही जवळ दिसला तरी. सुटका करणारे लोक येतात.

कधी थांबायचं

दुखतंय तोवर ठीक आहे. दुखायचं थांबलं पण ऊब आली नाही, की लगेच आत. बोटांचं, गालांचं, कानांचं, सगळ्यांचं हेच.

सोबतच्याकडे लक्ष ठेवा. जीभ जड झाली, बकल लावताना हात चाचपडायला लागले, साध्या उतारावर दोनदा पडला, उगाच चिडला, तर त्याचं शरीर आतून गार व्हायला लागलंय. तो ‘मी ठीक आहे’ म्हणणार. त्याला विचारू नका, सरळ आत न्या, ओले कपडे बदला, कोरडं पांघरा. बडबड असंबद्ध झाली किंवा कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्तावला, तर तात्काळ पॅट्रोलला बोलवा.

मुलं स्वतःहून सांगत नाहीत, खेळात असतात. माझ्या मुलीला मी दर दोन फेऱ्यांनी विचारते, “बोटं किती?” तिने बुटातल्या बोटांपैकी किती जाणवतात ते सांगायचं. दहा म्हणाली तर पुढची फेरी. आठ म्हणाली तर आत. एकदा तिने अकरा सांगितली, तेव्हाही मी आत नेलं.

घरी पोचल्यावर अजून दहा मिनिटं उभं राहायचं. बुटांची अस्तरं बाहेर काढा. आत राहिली तर घाम रात्रभर वाळत नाही आणि उद्या पहिल्या फेरीलाच पाय गार. हीटरवर थेट ठेवू नका, अस्तर आकसतं. स्कीच्या कडा कोरड्या फडक्याने पुसा, दोन्ही स्की एकमेकींना न घासता ठेवा, नाहीतर सकाळी तांबूस गंज दिसतो. मिटन उलटे करून टांगा. मग वहीत तीन ओळी. काल लिहिलं: वारा पश्चिमेचा, जोरात. डावीकडची धाव नको. उजवीकडे, नवव्या खांबाखाली, मऊ.